आधी कोण जाणार, आणि गेलेला परत कसा येणार?

वाचकाचं पत्र

युद्धामुळे देश सोडून आम्हाला सहा वर्षं झाली. शेजारच्या देशात भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहतो : मी, नवरा, सासरे, पंधरा वर्षांची मुलगी आणि इथेच जन्मलेला पाच वर्षांचा मुलगा. आठ महिन्यांपूर्वी शस्त्रसंधी झाली. तिथल्या शेजाऱ्यांचा फोन आला, की भिंती उभ्या आहेत, छप्पर गेलंय आणि खालच्या मजल्यावर दुसरंच एक कुटुंब राहतंय. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे. रोज म्हणतात, मला माझ्या घरात मरू द्या. नवऱ्याचा चुलतभाऊ म्हणतो, मुखत्यारपत्र पाठव, मी घर मोकळं करून घेतो. एक मदत संस्था जाणाऱ्यांना बस आणि थोडी रोख रक्कम देतेय, पण नावं पुढच्या महिनाअखेरपर्यंत द्यायची आहेत. नवरा म्हणतो, जायचं तर सगळ्यांनी एकदम. मुलीची शालान्त परीक्षा पुढच्या वर्षी आहे. मी 'थोडं थांबू' म्हटलं की मलाच घर नकोय असा अर्थ काढला जातो. थांबावं का? आणि किती? कृपया देशाचं नाव छापू नका.

उत्तर

तुमच्या घरात 'जायचं की थांबायचं' असे दोन तट पडलेत आणि तुम्हाला त्यातल्या एका तटावर उभं केलं गेलंय. प्रश्न असा मांडला की त्यावर फक्त भांडता येतं. म्हणून आधी त्याचे तुकडे करा. घरावरचा तुमचा हक्क शाबूत ठेवणं हे एक काम. तिथली परिस्थिती डोळ्यांनी बघून येणं हे दुसरं. दुरुस्ती करून कोणीतरी तिथे राहायला लागणं हे तिसरं. आणि इथली नोंदणी, इथला निवारा आणि इथे राहण्याची परवानगी सोडून देणं हे चौथं. नवरा 'सगळ्यांनी एकदम' म्हणतो तेव्हा तो ही चारही कामं एकाच बसमध्ये बसवतोय. पहिलं काम आजच सुरू करता येईल, दुसरं बहुधा काही महिन्यांत होईल. चौथं सगळ्यात शेवटी, कारण ते उलटवता येत नाही. माझा सल्ला या एका गोष्टीभोवतीच आहे : इथे परत येण्याचा रस्ता जितका उशिरा बंद करता येईल तितका उशिरा करा. तुमचं 'थोडं थांबू' या चौथ्या कामापुरतं आहे हे घरात स्पष्ट सांगा. घर नको असणारी बाई पहिल्या कामाची कागदपत्रं गोळा करत बसत नाही.

नवऱ्याशी बोलताना एक प्रश्न नक्की विचारा, पत्रात त्याचा उल्लेख नाही. आपण नेमके कशामुळे निघालो? बॉम्ब पडत होते म्हणून, की कोणाच्या तरी यादीत आपलं नाव होतं म्हणून? वरवर सारखी वाटली तरी ही दोन कारणं फार वेगळी आहेत. शस्त्रसंधीने बॉम्ब थांबतात. यादी तशीच कपाटात राहते. धमकी देणारा माणूस अजून त्याच ठाण्यावर बसलाय का, सक्तीच्या लष्करभरतीत नवऱ्याचं वय बसतं का, माफीची घोषणा झाली असेल तर ती लेखी कायदा म्हणून झालीय की नुसतं भाषणात सांगितलंय, आणि तुमच्यासारख्याच कारणाने निघालेलं दुसरं एखादं कुटुंब परतून सुखरूप राहिलंय का, हे कळल्याशिवाय नवऱ्याने सीमेवरच्या तपासणी नाक्यावर ओळखपत्र पुढे करू नये. सासरे निर्धास्तपणे जाऊ शकतील आणि नवरा नाही, असंही निघू शकेल. तसं निघालं तर 'सगळ्यांनी एकदम' ही चर्चा तिथेच संपते.

आता इथल्या कागदाविषयी. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात, पहिल्याच कलमात, निर्वासिताचा दर्जा कधी संपतो ते दिलंय. ज्या देशातून पळालात तिथे स्वेच्छेने पुन्हा जाऊन स्थायिक झालात किंवा त्या देशाचं संरक्षण आपण होऊन पुन्हा स्वीकारलंत, तर दर्जा जाऊ शकतो. एका धावत्या भेटीने तो आपोआप जातो असं नाही. आजारी आईवडिलांना भेटायला जाणं आणि सुट्टीला वरचेवर जाणं यांत फरक करावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं मार्गदर्शनही सांगतं. पण प्रत्यक्षात निर्णय आश्रय देणारा देश घेतो, आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे. आपल्या देशाच्या वकिलातीत पासपोर्ट काढायला जाणंसुद्धा काही ठिकाणी तुमच्या विरोधात धरलं जातं. म्हणून 'बघून येऊ' म्हणत सीमा ओलांडण्याआधी त्या भेटीचा तुमच्या नोंदणीवर काय परिणाम होईल हे इथल्या निर्वासित नोंदणी कार्यालयाला आणि मोफत सल्ला देणाऱ्या वकिलाला विचारा, उत्तर शक्यतो लेखी घ्या. ओळखीतला कोणी जाऊन आला आणि त्याला काही झालं नाही, एवढ्यावर विसंबू नका. त्याचा कागद वेगळ्या प्रकारचा असेल.

अशा भेटींना कधी कधी अधिकृत परवानगी मिळते, हेही सांगते. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये सत्ता बदलल्यावर तुर्कस्तानने तिथल्या सीरियन कुटुंबांना सवलत दिली होती : १ जानेवारी ते १ जुलै २०२५ या काळात कुटुंबातल्या एका व्यक्तीने तीन वेळा जाऊन परत यायचं, संरक्षण कायम. तुम्ही राहता त्या देशात अशी सोय असेल तर ती वापरायचीच. नसेल, तर तुमच्या वस्तीतल्या इतर कुटुंबांसोबत मिळून ती मागा. एकट्या बाईचा अर्ज बाजूला पडतो. शंभर घरांच्या सह्या असल्या की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

हे मी हवेत बोलत नाही. मेक्सिकोतल्या छावण्यांमध्ये राहणाऱ्या ग्वाटेमालाच्या निर्वासितांनी आपले प्रतिनिधी निवडले, आपल्या सरकारशी लांबलचक वाटाघाटी केल्या आणि ८ ऑक्टोबर १९९२ रोजी लेखी करार करून घेतला. परतणं स्वेच्छेने, गटाने आणि शिस्तीत होईल, जमीन मिळेल, संघटना करण्याचा हक्क राहील, परतताना बाहेरचे लोक साक्षीला सोबत असतील, अशा त्यांच्या अटी होत्या. जवळजवळ अडीच हजार लोकांचा पहिला गट जानेवारी १९९३ मध्ये निघाला. त्या वेळी तिथलं युद्ध संपलंसुद्धा नव्हतं, अंतिम शांतता करार १९९६ च्या डिसेंबरात झाला. युद्ध संपण्याची वाट न बघता त्यांनी अटी पूर्ण होण्याची वाट बघितली, आणि तुम्ही 'किती थांबू' असं विचारलंत त्याला माझं उत्तर तेच आहे. महिन्यांत मोजू नका. तुमच्या अटी कागदावर लिहा.

याच निर्वासितांमधल्या बायकांनी १९९० मध्ये 'मामा माकीन' नावाची संघटना उभी केली होती. नव्या जमिनीच्या कागदावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव हवं, ही त्यांची मागणी होती. परतल्यावर गावातल्या पुरुषांनी त्यांना बरंच मागे ढकललं, पण मागणी रास्तच होती. तुमच्या कुटुंबाचे घराचे कागद नव्याने निघणार असतील तर तुमचं नाव त्यावर येईल का, हे आत्ताच विचारा, इथून निघण्याआधी. तिथे पोचल्यावर तो प्रश्न उगाच काढल्यासारखा वाटेल.

बघायला कोणी जावं? नवरा एकटा गेला तर तो भिंती बघेल, छप्पर मोजेल, चुलतभावाकडे जेवेल आणि 'राहता येईल' म्हणत परत येईल. त्याच्यावर टीका म्हणून हे म्हणत नाही. पाहणीच्या भेटींना बहुतेकदा पुरुषच जातात आणि पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं परत येतात. पाणी कुठून आणायचं, त्या वाटेवर कोण उभं असतं, संडास आहे का, शाळेत शिक्षक येतात का की नुसती इमारत आहे, बाळंतपणासाठी किंवा रात्री ताप चढला तर किती लांब जावं लागतं, अंधार पडल्यावर मुली बाहेर दिसतात का, हे बाई बघते. परवानगी एकालाच असेल आणि नवऱ्याला धोका असेल, तर तुम्हीच जा. दोघांना असेल तर दोघं जा. आणि दिवसा एक चक्कर मारून परतू नका, रात्र तिथे काढा. मात्र रात्र घालवायला आपलं घर निवडू नका.

त्याचं कारण सांगते. सहा वर्षं बंद असलेल्या घराचं दार उघडणं हे युद्धानंतरच्या सगळ्यात धोकादायक कामांपैकी एक आहे. इराकमधल्या रमादी शहरात २०१६ मध्ये परतलेले डझनावारी लोक घरांत आणि रस्त्यांवर पेरून ठेवलेल्या स्फोटकांनी मेले, आणि प्रशासनाला लोकांचं परतणं काही काळ थांबवावं लागलं. ते लोक बेफिकीर नव्हते. आपल्याच घराची कडी काढत होते. घरात दुसरं कुटुंब राहतंय, म्हणजे खालचा मजला वापरात आहे. वरच्या मजल्याबद्दल, विहिरीबद्दल, मागच्या अंगणाबद्दल, शेताच्या बांधाबद्दल त्यावरून काही कळत नाही. भूसुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब काढणाऱ्या पथकाने तुमच्या गल्लीची पाहणी केलीय का, केली असेल तर कधी, हे नगरपालिकेकडून किंवा त्या पथकाकडून विचारून घ्या. 'आमच्याकडे काही नाही' हे शेजाऱ्याचं वाक्य म्हणजे पाहणी नव्हे. जिथे सगळे चालतात तिथूनच चाला. गवत वाढलेली, कोणी पाऊल न ठेवलेली जागा तशी का राहिलीय, हे गावातल्या माणसांना विचारा. राडारोडा स्वतः उपसू नका. रान साफ करण्यासाठी आग लावू नका. ओळखीची न वाटणारी धातूची वस्तू मुलांनी उचलायची नाही, लाथाडायचीही नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला निघण्याआधीच शिकवायला हवं. छावण्यांमध्ये याचे छोटे वर्ग होतात, तो वर्ग सगळ्यांनी करा, सासऱ्यांनीही. हे गाव मला पाठ आहे असं त्यांना वाटणार, आणि नेमकं म्हणूनच त्यांना धोका जास्त आहे. मोझांबिकमध्ये १९९२ मध्ये शांतता झाली आणि देश भूसुरुंगमुक्त झाल्याची घोषणा २०१५ मध्ये झाली. काही गोष्टींना एवढा वेळ लागतो.

खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण मला त्यावर जास्त बोलायचंय. ते लोक कोण आहेत? लुटारू असतीलही. तुमच्यासारखेच दुसऱ्या गावातून हाकललेले असण्याची शक्यताही तेवढीच मोठी आहे. बोस्नियात युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन कराराने प्रत्येकाला आपल्या मूळ घरी परतण्याचा आणि मालमत्ता परत मिळवण्याचा हक्क दिला. तरी त्या घरांत दुसरी विस्थापित कुटुंबं बसलेली होती आणि त्या कुटुंबांच्या घरांत तिसरी. दोन लाखांहून जास्त दावे एकेक करून सोडवावे लागले आणि त्यात वर्षं गेली. म्हणून दारात जाऊन वाद घालू नका, कुलूप बदलू नका. दावा अधिकृत ठिकाणी नोंदवा. खरेदीखत, कराच्या पावत्या, वीज-पाण्याची जुनी बिलं, घरासमोर काढलेले लग्नाचे फोटो, जे असेल ते जोडा. अशा दाव्यांना मुदत असते आणि ती मुदत तुमच्या सोयीने थांबत नाही. तुम्ही दहा वर्षांनी परतणार असाल तरी दावा पहिल्या संधीला करा.

चुलतभावाला सरसकट मुखत्यारपत्र अजिबात पाठवू नका. तो चांगला माणूस असेल, मी त्याला ओळखत नाही. पण सर्वाधिकार दिलेल्या कागदाने घर विकताही येतं आणि गहाणही टाकता येतं. द्यायचंच असेल तर एका कामापुरतं द्या : दावा दाखल करणं, नक्कल मिळवणं, एवढंच. विकण्याचा, भाड्याने देण्याचा आणि तडजोडीचा अधिकार नाही असं त्यात स्पष्ट लिहा, मुदत घाला, आणि मसुदा वकिलाला दाखवूनच सही करा.

बोस्नियाची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. २००४ पर्यंत तिथे दहा लाखांहून अधिक लोक परतल्याची नोंद झाली. पण घर परत मिळालेल्या अनेकांनी ते विकलं किंवा बदलून घेतलं आणि दुसरीकडेच राहिले. गावी राहायला गेले त्यांत म्हातारी माणसं बरीच होती. तरुणांना नोकरी दिसत नव्हती, मुलांच्या शाळांमध्ये इतिहास कोणाचा शिकवायचा यावर भांडणं होती, पेन्शन आणि आरोग्यविमा देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात नीट चालत नव्हता. घर मिळणं आणि त्यात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. देशांतर्गत विस्थापितांविषयी संयुक्त राष्ट्रांनी १९९८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं मांडली, त्यांतही मूळ घरी परतण्यासोबत देशात दुसरीकडे वसण्याचा पर्याय मानलाय. तुम्ही सीमेपलीकडे आहात, ती तत्त्वं तुम्हाला थेट लागू होत नाहीत, पण विचार लागू होतो. दोन वर्षांनी तुमचं कुटुंब आपल्याच देशातल्या एखाद्या दुसऱ्या शहरात राहत असेल, तर ते अपयश मानायचं कारण नाही.

मुलांविषयी. मुलीची परीक्षा ही माझ्या मते तुमच्या यादीतली सगळ्यात ठोस अट आहे, कारण तिला तारीख आहे. परीक्षेआधी तिला उचलून नेलंत तर इथलं वर्ष जाईल आणि तिथल्या शाळेत ती कोणत्या इयत्तेत बसते हे ठरायला आणखी वेळ जाईल. सहा वर्षं ती इथल्या भाषेत शिकलीय. आपल्या भाषेत ती बोलते, पण परीक्षेचा पेपर लिहू शकते का? तिला विचारा. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातल्या एवढ्या मोठ्या निर्णयात मत असतं, आणि ते आजोबांपेक्षा वेगळं असलं तर तो आजोबांचा अपमान होत नाही.

धाकट्याचा कागद बघा. तो इथे जन्मलाय. त्याचा जन्मदाखला इथल्या नोंदणी कार्यालयातून निघालाय का, तुमच्या देशाचं सरकार तो मानतं का, त्याचं नागरिकत्व वडिलांच्या नावावर अवलंबून आहे का? नोंद नसलेलं मूल सीमेवर अडतं आणि पुढे शाळेतही अडतं. तुमचा विवाहदाखला, मुलीचे गुणपत्रक, लसीकरणाची कार्डं, सगळ्यांच्या साक्षांकित प्रती काढा. एक संच सोबत, एक इथे विश्वासू माणसाकडे, आणि एकाचे फोटो फोनशिवाय दुसरीकडेही सुरक्षित ठेवलेले.

राहिले सासरे. 'मला माझ्या घरात मरू द्या' याला तर्काने उत्तर देऊ नका. त्यांना थांबवायचा हक्क तुम्हाला नाही आणि सगळ्यांना ओढून न्यायचा हक्क त्यांना नाही. मोझांबिकमध्ये परतलेल्या सुमारे सतरा लाख निर्वासितांपैकी बहुतेक जण कोणाच्या बसची वाट न बघता आपापले गेले, आणि पुष्कळ कुटुंबांनी आधी एक-दोघांना पाठवलं. ते शेत तयार करायचे, बाकीचे छावणीत शिध्यावर थांबायचे, पीक हाती लागलं की मग निघायचे. त्यांनी कुटुंब मोडलं असं कोणी म्हटलं नाही. सासरेही पहिले जाऊ शकतात, पण एकटे नाही आणि छप्पर नसलेल्या घरात नाही. जवळच्या नातेवाइकाकडे, औषधं मिळतात अशा ठिकाणी, सोबत घरचं एक माणूस, आणि हवामान सोसवेल अशा दिवसांत. त्यांची नोंदणी तुमच्या कुटुंबाच्या फाइलमध्ये असेल, तर ते गेल्याने उरलेल्या चौघांच्या फाइलचं काय होतं हे आधी विचारा. काही ठिकाणी कुटुंबप्रमुखाच्या नावावर सगळी मदत असते.

आणि संस्थेची मुदत. बस भरायची असते म्हणून मुदत असते. तुमच्या घरावर छप्पर कधी चढेल याच्याशी तिचा संबंध नाही. संमतीच्या फॉर्मवर सही म्हणजे नेमकं काय, हे वाचून घ्या. भाषा कळत नसेल तर दुभाषा मागा. बांगलादेशातून २०१८ आणि २०१९ मध्ये रोहिंग्या निर्वासितांना म्यानमारला परत पाठवण्याच्या तारखा ठरल्या होत्या. ठरलेल्या दिवशी कोणीही गेलं नाही, कारण नागरिकत्वाची आणि सुरक्षिततेची हमी नव्हती. मुदत निघून गेली तरी लोकांचा हक्क गेला नाही. तुमच्या बाबतीत मी संस्थेला चार प्रश्न एका कागदावर लिहून देईन. ही मदत पुढच्या वर्षी पुन्हा मिळेल का? कुटुंबातला एक जण आत्ता आणि बाकीचे नंतर, असं चालेल का? सही केल्यावर इथली नोंदणी कधी आणि कशी बंद होते? तिथे राहणं जमलं नाही तर परत येता येईल का? चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल तर यंदा तुमचं, नवऱ्याचं आणि मुलांचं नाव देऊ नका.

नवऱ्याने हा कागद स्वतः घेऊन जावं असं सुचवा. उत्तरं त्याच्या कानांनी ऐकली, की 'थोडं थांबू' हे फक्त तुमचं म्हणणं राहणार नाही. मुलीच्या गुणपत्रकांवर शिक्के घ्यायचं काम मात्र त्याची वाट न बघता याच आठवड्यात सुरू करा, शिक्के मिळायला बराच वेळ लागू शकतो.